काटा जिनीव्हाला, ऊस आपला



गेल्या महिन्यात गट ऑफिसवर ऊस उत्पादकांची बैठक झाली. लागणीच्या तारखा, बेण्याची उचल, तोडणी प्रोग्रॅम हे नेहमीचे विषय आटोपले, चहा आला, आणि मागल्या रांगेतले एक वयस्कर सभासद उभे राहिले. म्हणाले, "साहेब, हे जिनीव्हा कुठल्या तालुक्यात येतं? आमच्या उसाला जास्ती भाव मिळतो म्हणून तिथं आमच्यावर केस झालीय म्हणं. त्या कोर्टात आमचा कुणी माणूस हाय का न्हाई?" सभा हसली. आम्हीही हसलो. "ते लांबचं काम आहे, आण्णा," असे म्हणून शेतकी खात्याने वेळ मारून नेली.

घरी आल्यावर मात्र आम्हाला त्या हसण्याची लाज वाटली. पहिला प्रश्न गमतीचा होता, दुसरा नव्हता. ज्या निर्णयाचा परिणाम आपल्या ऊस बिलावर व्हायचा, तो घेणारे कोण, त्यांना अधिकार दिला कुणी, आणि त्यांना जाब विचारायचा तो कुठे, हे विचारणे सभासदाचा हक्कच आहे. म्हणून या अंकात नेहमीची खत-पाण्याची माहिती थोडी बाजूला ठेवून आम्ही या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

आधी हकीकत सांगतो. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन साखर निर्यात करणाऱ्या देशांनी २०१९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे भारताविरुद्ध तक्रार नोंदवली. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे. एक, केंद्र सरकार एफ. आर. पी. बांधते, काही राज्ये त्यावर आपला वेगळा भाव जाहीर करतात, आणि ही मदत ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली आहे. दोन, साखर निर्यातीला भारत जे अनुदान देतो ते नियमात बसत नाही. १४ डिसेंबर २०२१ रोजी पंचमंडळाचा निकाल आला. २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेली मदत उत्पादनाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त झाली, असे पंचांनी ठरवले. निर्यात अनुदानाच्या मुद्द्यावरही निकाल आपल्या विरुद्धच गेला.

आता यातली मेख पाहा. भारताचे म्हणणे असे होते की, एफ. आर. पी. कारखाने देतात, सरकारच्या तिजोरीतून त्यासाठी पैसा जात नाही, मग ही सरकारी मदत कशी? हे तर आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. एफ. आर. पी. चौदा दिवसांत देताना कारखान्याच्या नाकी किती नऊ येतात, ते आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. पण पंचांनी म्हटले, सरकारने कायद्याने भाव बांधला म्हणजे पुरे, खरेदी कुणी का करेना. शिवाय या मदतीचे मोजमाप करताना तुलनेला जी किंमत धरली जाते ती १९८६ ते १९८८ या वर्षांची. त्या वेळी उसाचा भाव टनाला शेकड्यांत बोलला जात होता. २०१८-१९ ची एफ. आर. पी. टनाला २,७५० रुपये होती. मधल्या काळात डिझेल, खत, मजुरी कुठल्या कुठे गेली, त्याची वजावट या हिशेबात आपोआप होत नाही. म्हणजे काट्यावर आजची गाडी, आणि वजनमापे चाळीस वर्षांमागची.

भारताने या निकालाविरुद्ध अपील केले. पण अपील ऐकणारे मंडळच जागेवर नाही! त्यामुळे तो निकाल अंमलात येत नाही आणि रद्दही होत नाही. दिवाणी दावा वर्षानुवर्षे तारखेवर पडून राहावा, तशी त्याची गत झाली आहे.

यावर "मग बरेच झाले की, सुटलो आपण" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. आम्ही त्यांच्या मताचे नाही. का, ते सांगायचे तर हे अपील मंडळ रिकामे कसे झाले हे पाहावे लागेल.

जागतिक व्यापार संघटना १ जानेवारी १९९५ रोजी सुरू झाली. तिच्या आधी गॅटचा करार होता, आणि भारत १९४८ पासून त्यात होता. गॅटच्या काळात पंचांचा निकाल मंजूर व्हायला सर्वांची संमती लागे. म्हणजे हरलेला देशसुद्धा हात वर करून स्वतःविरुद्धचा निकाल अडवू शकत असे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असाच तो कारभार. १९९५ पासून हे उलटे केले. निकाल नामंजूर करायचा तर सर्वांनी, अगदी जिंकलेल्यानेही, नको म्हटले पाहिजे. साहजिकच निकालाला वजन आले. युरोपीय संघ आपल्या शेतकऱ्यांना चढा भाव देऊन उरलेली साखर जगाच्या बाजारात ओतत होता. २००५ साली ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि थायलंड यांच्या तक्रारीवर अपील मंडळाने युरोपला दोषी धरले, आणि एवढ्या बलाढ्य संघाला आपली साखर निर्यात आवरावी लागली. त्याआधी १९९८ मध्ये कोळंबीच्या आयातबंदीवरून भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी अमेरिकेला याच दरबारात हरवले होते. लहानाने मोठ्याला चार नियम दाखवून थांबवावे, हे बाहेर कुठे घडते?

तेव्हा ही संस्था कामाची आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. अडचण निराळी आहे. पंचांचा निकाल पक्का झाला, पण ज्या नियमांवर तो द्यायचा ते नियम बदलण्याची वाट जवळजवळ बंद राहिली. नियम बदलायला १६६ सदस्यांचे एकमत लागते. अशा वेळी करारातल्या एखाद्या अर्धवट शब्दाचा अर्थ लावण्याचे काम पंचांवरच येऊन पडते. अमेरिकेची तक्रार नेमकी हीच होती की, अपील मंडळ वेळेत निकाल देत नाही आणि सदस्यांनी कधी कबूल न केलेली बंधने निकालातून घालते. तक्रारीत तथ्य किती, यावर जाणकारांत दुमत आहे. पण तिच्यावर अमेरिकेने शोधलेला उपाय जालीम होता. सात जणांच्या या मंडळावर नव्या नेमणुका होऊच द्यायच्या नाहीत! नेमणुकीलाही एकमत लागते. डिसेंबर २०१९ मध्ये मंडळावर एकच सदस्य उरला, आणि अपील ऐकायला तर तिघे लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये त्या शेवटच्याचीही मुदत संपली. नेमणुका सुरू करा म्हणून शंभराहून अधिक सदस्य देश पुनःपुन्हा ठराव मांडत आले, आणि एका देशाच्या नकाराने तो प्रत्येक वेळी पडला.

आता प्रामाणिकपणाने आपली बाजूही सांगू. हेच एकमताचे हत्यार आपणही वापरले आहे. जुलै २०१४ मध्ये सरकारी धान्यसाठ्याच्या प्रश्नावर समाधान होईना, म्हणून भारताने व्यापार सुलभीकरणाचा करार अडवून धरला होता. नोव्हेंबरमध्ये तोड निघाली. आपल्या गरिबाच्या शिध्याचा प्रश्न होता, आणि भारताने ताणून धरले ते आम्हाला त्या वेळीही योग्य वाटले, आजही वाटते. पण नकाराधिकार हा दुधारी कोयता आहे. आपल्या हाती असला की तो रक्षण वाटतो, दुसऱ्याच्या हाती गेला की अडवणूक. सर्वांना 'नाही' म्हणण्याचा हक्क दिला तर संस्था कामच करणार नाही. कुणालाच तो दिला नाही, तर लोक ती आपली मानणार नाहीत. खरा पेच हा आहे.

या पेचातून वाट काढण्याचा सर्वांत मोठा प्रयोग युरोपने केला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स, जर्मनी, इटली, बेल्जियम, हॉलंड आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी कोळसा आणि पोलाद यांचा कारभार एका सामाईक वरिष्ठ मंडळाच्या हाती दिला. १९५१ मध्ये करार झाला, १९५२ मध्ये काम सुरू झाले. जाँ मॉने हे त्याचे पहिले अध्यक्ष. कल्पना अशी की, तज्ज्ञांनी शांत डोक्याने काम करावे, फळ दिसले की लोक आपोआप बरोबर येतील. फळ दिसलेही. पण १९६५ मध्ये शेतीचा खर्च कुणी कसा उचलायचा आणि बहुमताने निर्णय घ्यायचे की नाही यावरून फ्रान्सचे द गॉल रुसले आणि त्यांनी सात महिने आपली खुर्ची रिकामी ठेवली. जानेवारी १९६६ मध्ये समझोता झाला. ज्याला जो विषय जिव्हाळ्याचा वाटेल त्यात एकमत होईपर्यंत बोलत राहायचे, असे ठरले. परिणाम काय, तर पुढली वीस वर्षे बैल जागचा हलेना. १९८७ मध्ये बहुमताची पद्धत वाढवली तेव्हा कुठे सामाईक बाजारपेठ पुरी झाली. आज तिथे बहुतेक निर्णयांना ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या असा दुहेरी कौल लागतो. लहान देश चिरडला जात नाही, आणि एकटा कुणी गाडा अडवू शकत नाही.

तरीही लोकांचे समाधान झाले का? आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण साखरेचेच आहे. वर सांगितलेल्या २००५ च्या निकालानंतर युरोपने साखर धोरण बदलले. फेब्रुवारी २००६ च्या त्या नियमाने साखरेची आधारभूत किंमत टनाला सुमारे ६३२ युरोंवरून चार वर्षांत ४०४ युरोंवर आणायची ठरली. म्हणजे ३६ टक्के कपात. बीट शेतकऱ्यांना काही भरपाई दिली, कारखाने बंद करणाऱ्यांना पैसे दिले. आयर्लंडमध्ये १९२६ पासून बीटची साखर होत होती. तिथला मॅलोचा शेवटचा कारखाना २००६ साली बंद पडला, आणि एका देशातून हा धंदाच उठला. सभासदांनो, कारखान्याची शिट्टी बंद झाली म्हणजे गावाचे काय होते, हे आम्ही आपल्याला सांगायला नको. आणि हा निर्णय घेतला तो सरकारांच्या मंत्र्यांनी. लोकांनी थेट निवडून दिलेली युरोपची संसद १९७९ पासून होती, पण शेतीच्या बाबतीत तिला फक्त सल्ला देण्याचा अधिकार होता.

डिसेंबर २००९ मध्ये लिस्बनचा करार लागू झाला, आणि शेतीच्या कायद्यातही संसदेला मंत्र्यांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. पुढे साखरेचा कोटा उठवण्याची वेळ आली तेव्हा आयोग म्हणाला २०१५, संसद म्हणाली २०२०, आणि २०१३ मध्ये तडजोड झाली ती २०१७ वर. ३० सप्टेंबर २०१७ ला कोटा गेला. त्यानंतर उत्पादन वाढले आणि भाव त्या ४०४ युरोंच्याही खाली घसरला. तेव्हा मतदानाने भाव राखला, असे आम्ही म्हणणार नाही. मतदानाने दोन वर्षांची सवड मिळाली. शेतकऱ्याला तयारीला वेळ मिळाला, आणि आपल्या भागातल्या प्रतिनिधीने काय केले ते २०१४ च्या निवडणुकीत विचारायला जागा मिळाली. शेतकऱ्याला दोन वर्षे म्हणजे दोन पिके. ती थोडी नव्हेत.

जाब विचारण्याची जागा नुसती कागदावर नसते, याचेही उदाहरण तिथेच आहे. १९९९ च्या मार्चमध्ये गैरकारभाराचा अहवाल आल्यावर संसदेच्या दबावाखाली जॅक सांतेर यांच्या आयोगातील सर्वच्या सर्व सदस्यांना राजीनामा द्यावा लागला. पण एवढे असूनही सामान्य माणसाला ब्रसेल्स दूरच वाटत राहिले. १९७९ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे ६२ टक्के मतदान झाले होते. २०१४ मध्ये ते ४३ टक्क्यांच्याही खाली गेले. २०२४ मध्ये ते निम्म्याच्या जरासे वर राहिले. २०१६ मध्ये ब्रिटनच्या जवळजवळ ५२ टक्के मतदारांनी "आमची सूत्रे आमच्या हाती द्या" म्हणत बाहेर पडण्याचा कौल दिला. कारभार चांगला चालला तरी तो आपला वाटावा लागतो. लोकांना फळ दिले की पुरे, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता आपल्या घराकडे वळू. सहकारी कारखान्यात एका माणसाला एक मत. शेअर एक असो की शंभर असोत. पण रोज सकाळी गाळप किती करायचे हे आपण मत घेऊन ठरवत नाही. ते चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि कार्यकारी संचालक ठरवतात, धोरण संचालक मंडळ ठरवते, आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत सर्वांना हिशेब द्यावा लागतो. प्रवरेचा पहिला कारखाना उभा राहिला तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारखा गावचा माणूस आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ एकत्र बसले. विद्वानाने शेतकऱ्याला हिशेब समजावून दिला, शेतकऱ्याने विद्वानाला अधिकार दिला. गाव करी ते राव न करी म्हणतात, पण गावालाही जाणकार लागतोच.

सहकाराच्या कायद्याचाही एक दाखला देतो. २०११ ची सत्त्याण्णवावी घटनादुरुस्ती सहकारी संस्थांच्या निवडणुका वेळेवर व्हाव्यात, मुदती पाळल्या जाव्यात यासाठी होती. हेतू चांगलाच होता. पण सहकार हा राज्यांचा विषय, आणि निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतली गेली नव्हती. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतील संस्थांपुरता तो भाग रद्द ठरवला. चांगल्या हेतूलाही संमतीचा शिक्का लागतो, हाच त्याचा अर्थ.

हाच नियम जिनीव्हाच्या बाबतीत लावून पाहा. शेती हाही राज्यांचा विषय. पण १९९४ मध्ये माराकेशला शेतीच्या करारावर सही झाली ती केंद्र सरकारच्या अधिकारात. आंतरराष्ट्रीय करार संसदेने आधी मंजूर केलाच पाहिजे, असे आपल्या घटनेत नाही. राज्याच्या विधिमंडळाचा तर प्रश्नच नव्हता. आण्णांच्या शेतापासून त्या सहीपर्यंत संमतीचा धागा पोहोचतो, पण तो फारच बारीक आहे. जिनीव्हाला लोकशाही नाही म्हणून ओरडण्याआधी तिथे जाणाऱ्या आपल्याच माणसाला आपण काय सांगून पाठवतो, हे विचारले पाहिजे.

म्हणून आमचे मत स्पष्ट शब्दांत मांडतो.

पहिले, अपील मंडळ पुन्हा सुरू व्हावे यासाठी भारताने जोर लावावा, आणि नेमणुका एकमताने न होता मोठ्या बहुमताने व्हाव्यात. यात आपला खटला उद्या उभा राहील आणि कदाचित आपण हरू, याची आम्हाला जाणीव आहे. पण काटाच बंद पडला तर आज आपली गाडी सुटली म्हणून हसणारा उद्या रडतो. उद्या दुसऱ्या कुणी अनुदानाची साखर आपल्या बाजारात ओतली, तर दाद मागायला जागा कुठली?

दुसरे, १९८६-८८ ची किंमत बदलण्याची मागणी लावून धरावी, आणि कुठलाही असा नियम ठरावीक वर्षांनी आपोआप फेरविचाराला यावा. ज्याने नियम केला त्यालाच तो बदलता येत नसेल, तर त्याला संमतीचा नियम म्हणवत नाही.

तिसरे, शेतीविषयक प्रत्येक वाटाघाटीआधी भारताची भूमिका संसदेत आणि राज्य विधिमंडळांत मांडली जावी, शेतकरी संघटना आणि साखर संघांचे म्हणणे ऐकले जावे, आणि झालेल्या निकालाचा गोषवारा मराठीत मिळावा. निकाल शेकडो पानांचा, इंग्रजीत आणि वकिली भाषेत असेल, तर तो जाहीर होऊनही आपल्यासाठी झाकलेलाच.

"एवढ्यांना विचारत बसलो तर कामं व्हायची कधी?" असे कुणी म्हणेल. रास्त आहे. पण आम्ही प्रत्येकाला अडवण्याचा हक्क मागत नाही. निर्णयाआधी ऐकले जावे, निर्णयात कारण दिले जावे, आणि निर्णयानंतर जाब विचारता यावा, एवढेच मागतो. एवढे केले की निर्णय बहुमताने झाला, आपल्या विरुद्ध गेला, तरी माणूस तो सोसतो. काट्यावर उभे राहायला मिळाले, आकडा डोळ्यांनी पाहिला, की दोन क्विंटल कमी भरले तरी सभासद तक्रार करत नाही. काट्याजवळ जाऊच दिले नाही, तर बरोबर वजनावरही त्याचा विश्वास बसत नाही.

आणि शेवटी एक कान आपणच आपला धरू. सर्वसाधारण सभेत अहवाल न वाचता "मंजूर, मंजूर" म्हणणारे आपणच असतो. जो सभासद दहा मैलांवरच्या सभेत तोंड उघडत नाही, त्याला जिनीव्हाने विचारावे अशी अपेक्षा कशी करावी? पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण ती पाच तोंडे बोलली तर.

आण्णा, जिनीव्हा कुठल्याच तालुक्यात येत नाही. ते स्वित्झर्लंडमध्ये आहे. तिथे आपल्या देशाचा माणूस आहे, पण आपण काय म्हणतो ते त्याच्यापर्यंत पोहोचलेले नाही. तुमचा प्रश्न आम्ही येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवण्याची विनंती मा. संचालक मंडळाला करीत आहोत. ठराव होऊन तो साखर संघामार्फत दिल्लीला जावा, असा प्रयत्न आहे. सभासदांनी आपले म्हणणे, अनुकूल असो वा प्रतिकूल, गट ऑफिसकडे लेखी द्यावे. आणि या वेळी सभेत कुणी हसू नये.